मेंदूचं मशीन घ्या, पण चालवणाऱ्या माणसासकट घ्या: मराठवाड्याच्या पालकमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांचे पालकमंत्री,
तसेच सार्वजनिक आरोग्य विभाग आणि वैद्यकीय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन

साहेब, ताई, सगळ्यांना नमस्कार.

मी लातूरला एका खाजगी न्यूरो सेंटरला ईईजी टेक्निशियन आहे. डोक्याला वायरी लावून मेंदूतला करंट स्क्रीनवर उतरवायचा हे माझं काम. पेशंट लोक त्याला डोक्याची पट्टी म्हणतात, कोणी मेंदूचा कार्डिओग्राम म्हणतं. राजकारणाशी माझा संबंध नाही आणि मी कुठल्या कंपनीची माणूसही नाही, पण हे मार्केट रोज जवळून बघते म्हणून लिहायला बसले.

झालंय असं की मेंदू मॉनिटर करणाऱ्या मशीनचा धंदा सगळ्या जगात जोरात वाढायलाय. आधी कंपन्यांचे लोक मुंबई, पुणे, हैदराबाद सोडून इकडं फिरकत नव्हते, आता लातूर-नांदेडलाही कॅटलॉग घेऊन येतात. आज ना उद्या ते जिल्हा रुग्णालयातही जातील, तुमच्या ऑफिसातही येतील. डीपीडीसीचा, म्हणजे जिल्हा नियोजन समितीचा, निधी मार्चच्या आत खर्च करायचा असतो, त्या घाईत मशीन मंजूर होतं, फोटो निघतो, आणि पुढं ते चालवायला कोणी नसतं. म्हणून माझं म्हणणं आधीच सांगते: मशीन घ्या, जरूर घ्या, पण ते चालवणारा माणूस, त्याचा रिपोर्ट वाचणारा डॉक्टर आणि दर महिन्याचा सामानाचा खर्च हे तिन्ही त्याच फाईलवर मंजूर करून घ्या. ह्यातलं एक जरी राहिलं तर बाकीचे पैसे वाया गेले समजा.

आमच्याकडं पेशंट कुठून कुठून येतात ते बघा. निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तर जवळचे झाले. मुखेड, देगलूरहून येतात, केज-धारूरहून येतात. धाराशिवकडचे बरेच लोक सोलापूर गाठतात, हिंगोली-परभणीचे नांदेडला जातात, आणि नांदेडच्या सीमेवरचे सरळ हैदराबादची गाडी पकडतात. फिट येणाऱ्या लेकराला घेऊन पहाटेची एसटी धरायची, एका माणसाचा रोज बुडवायचा, सोबत आजी नाहीतर मामा पाहिजेच कारण वाटेत झटका आला तर एकट्या आईला आवरत नाही. त्यात इथं आल्यावर कळतं की डोक्याला तेल लावलंय, केस धुऊन परत या. कोणीतरी आधी सांगायला पाहिजे होतं, पण गावाकडं सांगणारं आहे कोण? आता मी बेसिनपाशी शाम्पूच्या पुड्या ठेवते आणि तिथंच धुवायला लावते, दुसरा इलाज नाही.

महात्मा फुले योजना मुख्यतः भरती झालेल्या पेशंटसाठी आहे, ओपीडीत काढलेला ईईजी खिशातूनच जातो. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या सगळ्या दवाखान्यांत तपासण्या आणि उपचार मोफत केले, तो निर्णय चांगलाच होता, मनापासून सांगते. त्याचा फायदा फिटच्या पेशंटला पण मिळावा एवढंच मागणं आहे.

आकडे तुम्हाला माहीत असतील तरी सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने जगात ५ कोटीच्या आसपास लोकांना एपिलेप्सी, म्हणजे फिटचा आजार, आहे आणि त्यातले जवळपास ८० टक्के आपल्यासारख्या गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. नीट निदान आणि औषध मिळालं तर ७० टक्क्यांपर्यंत लोकांचे झटके थांबू शकतात. औषधं काही फार महागाची नाहीत, सगळ्यात स्वस्त गोळी वर्षाला ५ डॉलरमध्ये सुद्धा भागते असं हीच संघटना सांगते. २०११ च्या जनगणनेत मराठवाड्याची लोकसंख्या १ कोटी ८७ लाख होती. हजारी पाच पेशंट एवढा कमी अंदाज धरला तरी नव्वद हजारांच्या वर माणसं होतात, आणि लोकसंख्या तेव्हापासून वाढलीच आहे. ही सगळी माणसं कुठंयत? काही आमच्याकडं येतात, काही दर्ग्यावर आणि देवरशाकडं जातात, आणि बऱ्याच पोरींच्या घरचे तर कोणाला कळूच देत नाहीत कारण लग्नाचा प्रश्न असतो. १९९९ ला कायदा बदलून हिंदू विवाह कायद्यातून एपिलेप्सीचा उल्लेख काढून टाकला, म्हणजे फिट येते म्हणून लग्न रद्द करता येत नाही, हे आमच्या भागात अजून कित्येकांना माहीत नाही.

आता मशीनचं. हान्स बर्गर नावाच्या जर्मन डॉक्टरने १९२४ मध्ये येना शहरात माणसाच्या मेंदूचा पहिला ईईजी काढला आणि १९२९ मध्ये तो छापला, म्हणजे ही टेक्नॉलॉजी शंभर वर्षांची झाली. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलतात त्याचा करंट डोक्याच्या कातडीपर्यंत येईस्तोवर इतका बारीक होतो की तो मायक्रोव्होल्टमध्ये मोजावा लागतो, साधारण दहा ते शंभर. हृदयाच्या कार्डिओग्रामचा सिग्नल त्याच्या कितीतरी पट मोठा असतो, म्हणून ईसीजी कोणीही सिस्टर दोन मिनिटात काढते आणि ईईजीला ट्रेनिंग लागतं. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या हाडापर्यंत टेप लावायची, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत लावायची, दहा टक्के, वीस टक्के असं मोजून पेन्सिलने खुणा करायच्या, ही पद्धत १९५८ पासून जगभर एकच आहे. मग एकेक खूण घासून साफ करायची, पेस्ट भरून कप चिकटवायचा, रेझिस्टन्स पाच किलोओहमच्या खाली आला का बघायचं, नाही आला तर परत. लेकरू रडत असतं, आई घाबरलेली असते, त्यात लाईट जाते. अर्थिंग नीट नसलं तर पन्नास हर्ट्झचा आवाज सगळ्या रेघांवर चढून बसतो आणि मग त्या पट्टीत डॉक्टरला काहीच दिसत नाही. एकदा एका सरकारी ठिकाणी मशीन लावायला मदत म्हणून गेले होते तर खोली दिली ती एक्स-रेच्या शेजारची आणि वर भिंतीपलीकडं कॉम्प्रेसर. मशीन उत्तम होतं, पण त्या खोलीत ते कधीच नीट चाललं नसतं. असल्या गोष्टी कॅटलॉगमध्ये लिहिलेल्या नसतात.

एक केस सांगते, नाव-गाव सांगत नाही. चौथीतली पोरगी होती, आजीसोबत आली. शाळेतनं तक्रार अशी की लक्ष देत नाही, मध्येच खिडकीकडं बघत बसते, विचारलं तर उत्तर देत नाही, दोन-चार वेळा मारही खाल्लेला. आजी म्हणली, "मॅडम, पोरगी येडी नाही हो, घरी सगळं करूलालीय, शाळेतच काय होऊलालंय की." वायरी लावल्या. मग मी तिच्या हातात कागदाचं भिरभिरं दिलं आणि म्हणलं फुंकत राहा, थांबायचं नाही. तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावायची ही टेस्टच आहे, लहान लेकरांना अशी खेळात करून घ्यावी लागते. दीड मिनिटाच्या पुढं भिरभिरं थांबलं. पोरगी बसलेलीच, डोळे उघडे, पापण्या थोड्या फडफडल्या, आणि स्क्रीनवर सगळ्या रेघांवर एकदम, एका सेकंदाला तीन ह्या हिशोबाने, टोक आणि लाट, टोक आणि लाट. दहाएक सेकंद. मग तिने परत फुंकायला सुरुवात केली, जसं काही मध्ये झालंच नाही. तिला माहीतच नव्हतं. ह्याला अॅब्सेन्स सीझर म्हणतात आणि ह्यावर गोळी आहे. दिवसात असे झटके कितीतरी वेळा येतात, म्हणजे मास्तर शिकवायचे तेव्हा ही पोरगी अधूनमधून तिथं नसायचीच. रिपोर्ट गेला, डॉक्टरांनी गोळ्या चालू केल्या. आता विचार करा, आजीला कोणी लातूरचा पत्ता सांगितला नसता तर ती पोरगी पाचवी-सहावीत शाळेतून गळाली असती, आणि घरात बसली म्हणजे पुढं काय होतं ते मराठवाड्यात मी वेगळं सांगायला नको.

आता मार्केटमध्ये नवीन काय चाललंय ते सांगते, कारण तुमच्यासमोर हेच येणार आहे. मार्केट रिपोर्टवाल्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, कोणी त्यात एमआरआय-सीटी धरतं, कोणी नुसता ईईजी धरतं, म्हणून मी त्या अब्जावधी डॉलरच्या आकड्यांत जात नाही. दिशा मात्र सगळ्यांची एकच आहे, वर. म्हातारी माणसं वाढली, लकवा वाढला, डिमेन्शिया वाढला, अपघात वाढले. ऑपरेशनच्या वेळी भूल किती खोल आहे ते कपाळावरच्या पट्टीने बघणारं बीआयएस मॉनिटर १९९६ पासून आहे, आता मोठ्या शहरातल्या बऱ्याच ओटीत दिसतं. आयसीयूत बेशुद्ध पेशंटच्या आत झटके चालू असतात आणि बाहेरून अंग हलत सुद्धा नाही, ते ईईजी लावल्याशिवाय कळत नाही, म्हणून अमेरिकेत सेरिबेल नावाच्या कंपनीने दहा इलेक्ट्रोडचा पट्टा काढला जो सिस्टर पाच-दहा मिनिटात लावू शकते. ती कंपनी ऑक्टोबर २०२४ मध्ये शेअर बाजारातही आली. मेंदूत चिप बसवायचं न्यूरालिंकचं जानेवारी २०२४ चं प्रकरण तुम्ही बातम्यांत बघितलंच असेल, त्याच्याशी आपल्या भागाचा इतक्यात काही संबंध येत नाही. जपानची निहोन कोहडेन, अमेरिकेची नेटस ह्या जुन्या मोठ्या कंपन्या आहेतच. आपल्याकडं पंचकुला, मोहाली भागात तयार होणारी मशीन चांगली चालतात, बत्तीस चॅनलचं भारतीय मशीन काही लाखांत येतं, एमआरआयसारखे कोटी लागत नाहीत. वर २२ सप्टेंबर २०२५ पासून मेडिकल उपकरणांवरचा जीएसटी पाच टक्क्यांवर आलाय, म्हणजे तुमच्यासाठी वेळ चांगली आहे.

ह्यातली आपल्या कामाची गोष्ट म्हणजे मशीन लहान झालं. पूर्वी कपाटाएवढं होतं, आता लॅपटॉप आणि हातात मावणारा डबा. ते गाडीत घालून किनवटला नेता येतं, भूमला नेता येतं. अर्ध्या तासाच्या रेकॉर्डिंगची फाईल वीस एमबीच्या आसपास होते, म्हणजे एखाद्या मोबाईल व्हिडिओपेक्षा लहान, ती पाच मिनिटात मुंबईला केईएमला किंवा बंगळूरला निम्हान्स ह्या मेंदूच्या मोठ्या सरकारी दवाखान्याला पोचू शकते आणि तिथला न्यूरॉलॉजिस्ट संध्याकाळी रिपोर्ट देऊ शकतो. देशात न्यूरॉलॉजिस्ट मोजून काही हजारच आहेत आणि ते बहुतेक सगळे मोठ्या शहरांत बसलेत, ते सगळे उठून हिंगोलीला येणार नाहीत, पण पट्टी त्यांच्यापर्यंत जाऊ शकते. ई-संजीवनी ही ऑनलाईन डॉक्टरचा सल्ला देणारी सरकारी सेवा २०१९ पासून चालूच आहे, तिच्या जोडीला हे बसवता येईल. शंभर वर्षांत पहिल्यांदा असं झालंय की आपल्यासारख्या भागाला सोयीचं पडेल असं मशीन बाजारात आलंय. म्हणूनच मला घाई आहे.

पण सगळ्यात स्वस्त डबा घेऊन मोकळं होऊ नका. भूतानमध्ये मोबाईलवर चालणाऱ्या स्वस्त ईईजीची नीट तपासणी झाली होती, २०१७ मध्ये तो अभ्यास छापून आला. त्यात स्वस्त मशीनवर जे दिसलं ते बहुतेक बरोबर निघालं, पण नेहमीच्या मशीनवर जे सापडलं होतं त्यातलं निम्म्याहून जास्त त्याच्यावर निसटलं. म्हणजे जिथं काहीच नाही तिथं ते उपयोगी, पण जिल्ह्याच्या मुख्य दवाखान्यात पूर्ण एकवीस इलेक्ट्रोडचं मशीनच पाहिजे. आणि नेहमीचं मशीन असलं तरी एका साध्या ईईजीत एपिलेप्सीच्या निम्म्याच पेशंटमध्ये काहीतरी सापडतं, परत काढला, झोपेत काढला तर प्रमाण वाढतं. आम्ही लोकांना रात्री जागून या म्हणून सांगतो ते ह्याच्यासाठी. पट्टी नॉर्मल आली म्हणजे फिट नाही असं कोणी समजू नये, आणि निदान शेवटी डॉक्टरने हकीकत ऐकूनच करायचं असतं. घरच्यांनी झटका आल्यावर मोबाईलवर व्हिडिओ काढून आणला तर त्याचा कधी कधी पट्टीपेक्षा जास्त उपयोग होतो, हे आशाताईंना शिकवायला तर एक रुपया लागत नाही.

एआयचंही असंच. २०२३ मध्ये नॉर्वे-डेन्मार्कच्या लोकांनी तीस हजारांवर ईईजी शिकवून एक प्रोग्रॅम तयार केला आणि तो साधी पट्टी वाचण्यात तज्ज्ञांच्या बरोबरीला आला असं मोठ्या जर्नलमध्ये छापून आलं. मला ते वाचून खूप आनंद झाला, कारण आपल्याकडं वाचणारेच कमी आहेत. पण त्याला पट्टी स्वच्छ लागते. इलेक्ट्रोड सैल असेल, लेकरू हलत असेल आणि बाजूला कोणी बघायला नसेल तर तो प्रोग्रॅम पण त्या घाणेरड्या पट्टीचं काय करणार? इथं पण गाडी येऊन टेक्निशियनपाशीच थांबते.

आता पैशाचा मुद्दा, हा नीट वाचा कारण टेंडर तुम्हीच काढणार. ह्या धंद्यात आता कमाई मशीन विकून कमी आणि त्याच्यासोबत लागणाऱ्या सामानातून जास्त व्हायला लागलीय. एकदा वापरून फेकायचा पट्टा, कपाळावरचा सेन्सर, सॉफ्टवेअरचं महिन्याचं भाडं. सेरिबेल सारख्या कंपन्यांचा सगळा हिशोब पट्टे आणि सबस्क्रिप्शनवर चालतो. तुमची डीपीडीसी भांडवली खर्चाला पैसे देते, पण दर महिन्याला पट्टे कोण घेणार? पहिल्या वर्षी कंपनी फुकट देते, दुसऱ्या वर्षी स्टोअरमधून "उपलब्ध नाही" लिहून येतं, आणि मशीनवर कव्हर चढतं. साधे चांदीचे कप आणि पेस्टवालं मशीन घेतलं तर कप धुऊन वर्षभर वापरता येतात, पेस्टचा डबा बरेच दिवस जातो. म्हणून टेंडरमध्ये लिहा की पाच वर्षांच्या सामानाचा खर्च धरून किंमत सांगा. महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण ह्याच कामासाठी आहे, त्यांना हे समजवणं अवघड नाही.

आणि दुसरी एक अट घाला, ही तर फुकट आहे. प्रत्येक कंपनीची फाईल वेगळी असते, तिची पट्टी तिच्याच सॉफ्टवेअरवर उघडते. पण १९९२ पासून ईडीएफ नावाचा एक खुला फॉरमॅट आहे, तो सगळीकडं उघडतो. मशीनमधून ईडीएफ निघालंच पाहिजे असं एक वाक्य टेंडरमध्ये टाका. आमच्या भागात त्याची किती गरज आहे ते सांगते. बीड, धाराशिवचे ऊसतोड कामगार दिवाळी झाली की सांगली, कोल्हापूर, कर्नाटकात जातात ते थेट उन्हाळा लागल्यावर परततात. फडावर झोप नाही, वेळेवर जेवण नाही, गोळ्या संपल्या की नवीन आणायला जवळ दवाखाना नाही, आणि फिटच्या माणसाला ह्या तिन्ही गोष्टी वाईट. तिकडच्या दवाखान्यात गेला की डॉक्टर विचारतात जुना ईईजी कुठंय, तर जुना कागद घरी पत्र्याच्या पेटीत. मग परत सगळ्या तपासण्या पहिल्यापासून. पट्टी खुल्या फॉरमॅटमध्ये आभा कार्डाला, म्हणजे सरकारच्या डिजिटल आरोग्य ओळखपत्राला, जोडली तर ती कागलच्या डॉक्टरलाही उघडून बघता येईल.

जिल्हा रुग्णालयातल्या नवजात बाळांच्या विभागाकडं पण लक्ष द्या. जन्मताना गुदमरलेल्या बाळाला झटके येतात तेव्हा बऱ्याचदा अंग हलतच नाही, नुसतं तोंड चोखल्यासारखं करतं किंवा पाय सायकलसारखे हलवतं, आणि कित्येकदा तेही नाही, सगळं आतल्या आत चाललेलं असतं. ह्यासाठी दोन-चार इलेक्ट्रोडचं लहान मॉनिटर मिळतं, एईईजी म्हणतात, ते बाळाच्या डोक्याला तासन् तास लावून ठेवता येतं आणि सिस्टरला थोड्या ट्रेनिंगने वाचता पण येतं. पुढं मतिमंद म्हणून ज्या लेकरांची सर्टिफिकेटं आपण काढतो त्यातली काही लेकरं ह्या पहिल्या तीन-चार दिवसांत नीट सांभाळता आली असती.

रस्त्याच्या अपघातांचं थोडक्यात सांगते. डोक्यात रक्त साचलंय का हे हातात धरायच्या यंत्राने मिनिटाभरात सांगणारं सेरेबो नावाचं उपकरण आयसीएमआर, निम्हान्स, भोपाळचं एम्स आणि बायोस्कॅन रिसर्च ह्यांनी मिळून आपल्याच देशात तयार केलंय, इन्फ्रारेड किरणांवर चालतं, रेडिएशन नाही. सीटी स्कॅनच्या जागी ते चालणार नाही, पण तालुक्याच्या दवाखान्यात कोणाला आधी पळवायचं हे ठरवायला त्याचा उपयोग होईल. उसाच्या ट्रॉल्या आणि मोटरसायकली ह्यांचे अपघात आमच्याकडं किती होतात हे तुम्हाला पोलीस सांगतील.

आता लातूरची म्हणून एक काळजी बोलून दाखवते. ह्या मार्केटचा एक मोठा भाग दवाखान्यात येतच नाही, तो थेट लोकांना विकला जातो. कपाळाला लावायचे पट्टे, ध्यान करायला, झोप बघायला, एकाग्रता वाढवायला. स्वतःच्या पैशाने हौस म्हणून कोणी घेत असेल तर माझी हरकत नाही. पण चीनमध्ये जिनहुआ शहरातल्या एका प्राथमिक शाळेत पोरांच्या डोक्याला असे पट्टे लावून कोणाचं लक्ष आहे नाही ते मास्तरांना आणि आईबापाला दाखवत होते, २०१९ ला त्याच्यावर ओरड झाल्यावर ते थांबवलं. आमच्याकडं मेडिकल प्रवेशाच्या NEET परीक्षेच्या क्लासेसची स्पर्धा किती आहे ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. मिडब्रेन अॅक्टिव्हेशनच्या नावाखाली डोळ्याला पट्टी बांधून वाचायला शिकवतो म्हणून आईबापाकडून पैसे घेतलेले आपण बघितलेत. उद्या एखाद्या क्लासने पोरांच्या डोक्याला सेन्सर लावून तुमच्या मुलाचं लक्ष इतके टक्के असा मेसेज घरी पाठवायला सुरुवात केली तर तो थांबवायला आपल्याकडं काय आहे? त्या पट्ट्याला अॅब्सेन्स सीझर सापडणार नाही, वर त्या चौथीतल्या पोरीला अजून मार बसेल. चिलीने २०२१ मध्ये राज्यघटनेत बदल करून मेंदूच्या माहितीला संरक्षण दिलं, अमेरिकेत कोलोरॅडो आणि कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदे केले. आपल्याकडं डेटाचा २०२३ चा कायदा आहे पण मेंदूचं नाव घेऊन त्यात काही नाही. शिक्षण विभागाने एक साधं परिपत्रक काढावं की शाळेत आणि क्लासमध्ये मुलांच्या मेंदूचं असलं मोजमाप करायचं नाही. वेळ जायच्या आधी काढावं.

परत टेक्निशियनवर येते. निम्हान्समध्ये ह्याच कामाचा दोन वर्षांचा डिप्लोमा आहे, म्हणजे हे शिकून करायचं काम आहे हे तिथं कधीच मान्य झालंय. २०२१ च्या अलाईड हेल्थकेअर कायद्यात ईईजी टेक्नॉलॉजिस्ट हे नाव आलंय. पण आकृतीबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, पदच नसेल तर भरती कशी होणार? मग ईसीजीवाल्याला किंवा एक्स-रेच्या माणसाला सांगतात तू हेपण बघ, त्याला कंपनीचा माणूस एक दिवस दाखवून जातो, तो बिचारा करतो जमेल तसं, आणि त्याची बदली झाली की मशीन बंद. त्यात त्याचा काही दोष नाही. मराठवाड्यात आता सरकारी मेडिकल कॉलेज भरपूर झालेत, संभाजीनगरची घाटी, आंबाजोगाई, नांदेड, लातूर ही जुनी, आणि धाराशिव, परभणी, जालना, हिंगोली ही नवीन. ह्यातल्या एका जुन्या कॉलेजला ईईजी आणि एनसीएस (नसांमधला करंट तपासायची टेस्ट) ह्यांचा सर्टिफिकेट कोर्स सुरू करा, दरवर्षी आठ-दहा पोरं-पोरी इथल्याच घ्या, बाहेरचा माणूस इथं टिकत नाही हा अनुभव आहे. बीएस्सी करून घरी बसलेल्या पोरी आमच्या प्रत्येक तालुक्यात आहेत, त्यांना हे काम फार छान जमेल, लेकरांना शांत करायला तर नक्कीच.

शेजारच्या कर्नाटकाने २०२२ मध्ये निम्हान्सला सोबत घेऊन ब्रेन हेल्थचा कार्यक्रम सुरू केला आणि जिल्हा पातळीवर ब्रेन हेल्थ क्लिनिक काढायला घेतली. उदगीरहून बीदर तर जवळ आहे, तुमच्यातल्या कोणीतरी एक दिवस जाऊन बघून यावं की तिकडं काय जमलं आणि काय नाही. आपल्याकडं एपिलेप्सी फाउंडेशनसारख्या संस्था जिल्ह्यांत शिबिरं घेतात, त्यांच्यासोबत डॉक्टर येतात, ईईजी निघतो, गोळ्या मिळतात, लोकांचं भलं होतं. पण शिबिर उठलं की पेशंट परत तिथंच, कारण पुढच्या महिन्यात कुठं जायचं ह्याचं उत्तर जिल्ह्यात नसतं.

तर मागणं असं आहे. आधी आठही जिल्ह्यांत सरकारी दवाखान्यांमध्ये ईईजीची किती मशीन आहेत, त्यातली चालू किती, ती चालवतं कोण आणि मागच्या वर्षात किती पट्ट्या निघाल्या ही यादी जाहीर करा, माहिती अधिकारात मागायला लावू नका. जी बंद आहेत ती आधी चालू करा, नवीन नंतर. मग प्रत्येक जिल्ह्याला एक पूर्ण मशीन आणि तालुक्यांत फिरायला एक लहान मशीन, त्याच्यासोबत मंजूर पदाचे दोन टेक्निशियन, म्हणजे एक रजेवर गेला तरी काम थांबत नाही. वाचणाऱ्या डॉक्टरांशी करार, अठ्ठेचाळीस तासात रिपोर्ट. आणि फिटच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बारा महिने, त्यात खंड पडू द्यायचा नाही, कारण पट्टी काढून निदान झालं आणि गोळीच मिळाली नाही तर त्या सगळ्याचा काय उपयोग.

खर्चाचं म्हणाल तर आठ जिल्ह्यांची मशीन मिळून एका एमआरआयपेक्षा स्वस्त पडतील. पगार चालू राहतात, ते मला माहीत आहे, पण पगारावरच हे सगळं उभं राहणार आहे.

माझ्या बाजूने सांगते, लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत तुम्ही मशीन लावणार असाल तर खोली बघायला, अर्थिंग तपासायला आणि नवीन पोरांना टेप धरायला शिकवायला मी येईन, त्याचे पैसे घेणार नाही. सेंटरला रविवारी सुट्टी असते. फक्त मशीनची ऑर्डर द्यायच्या आधी बोलवा, नंतर नको, कारण एकदा एक्स-रेच्या शेजारची खोली ठरली की ती कोणी बदलत नाही.

आपली,
एक ईईजी टेक्निशियन
लातूर